आधी टाळी, मग माइक

घरी रेकॉर्डिंग करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "माइक कुठला घेऊ?" माझाही तोच होता. माइक आला, मोबाइलवर तानपुरा लावून एक आलाप रेकॉर्ड केला आणि ऐकला, तर न्हाणीघरात बसून गायल्यासारखा! दोष माइकचा नव्हताच, खोलीचा होता.

खोलीत एक टाळी वाजवा. तिच्यामागे बारीक 'टर्रर्' ऐकू आलं, तर समोरासमोरच्या भिंती आवाजाची टोलवाटोलवी करताहेत असं समजा. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दहा फुटांवरच्या भिंतीवर आपटून परतायला त्याला जेमतेम १८ मिलिसेकंद लागतात. समोर बसून ऐकताना आपला मेंदू दोन कानांच्या मदतीने ही भेसळ बरीचशी बाजूला सारतो; माइक बिचारा सगळं टिपतो. गाद्या, गोधड्या, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट यांत वरचे सूर मुरतात. खर्ज मात्र गोधडीला जुमानत नाही, कारण १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) स्वराची लहरच जवळपास साडेतीन मीटर लांब असते. त्यापेक्षा माइक वीतभर अंतरावर घ्या. अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा आहे तेवढाच राहतो. हा उपाय फुकट आहे. (पंखा बंद करायचा. मे महिन्यातसुद्धा.)

आता सॉफ्टवेअरमधला तो विचित्र आकडा: ४४,१००. सेकंदाला इतक्या वेळा आवाजाचं माप घेतलं जातं. माणसाला जास्तीत जास्त २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि लहर पुन्हा जशीच्या तशी उभी करायला दुपटीहून थोडी जास्त मापं लागतात. मग वरचे ४,१०० कशाला? थोडी मोकळीक हवीच असते. पण नेमका हा आकडा आला व्हिडिओ टेपवरून. सुरुवातीचं डिजिटल ध्वनिमुद्रण व्हिडिओ टेपवर साठवत. जपान-अमेरिकेच्या पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड (म्हणजे अर्धी चित्रं), प्रत्येकात वापरायच्या २४५ ओळी, ओळीत ३ मापं. गुणाकार करून पाहा. आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत ५० फील्ड आणि २९४ ओळी धरल्या तरी उत्तर तेच! १९८२मध्ये बाजारात आलेल्या सीडीनेही तोच आकडा उचलला.

प्रत्येक माप किती बारकाईने लिहायचं, ते बिट ठरवतात. एका बिटमागे सुमारे ६ डेसिबलचा पल्ला, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर. म्हणजे १६ बिटला ९६, तर २४ बिटला कागदावर १४४. म्हणून २४ बिट निवडा आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. दोनच बिट खर्ची पडतात. टेपवर आवाज थोडा चढला तर खपून जायचा. डिजिटलमध्ये शून्य म्हणजे छत. त्यावर गेलेल्या लहरीचा माथा तासला जातो आणि फाइलचा आवाज नंतर कितीही कमी केला तरी तो माथा परत येत नाही.

लेव्हल ठरवताना हळूच "हॅलो, हॅलो" म्हणू नका. सर्वांत जोरकस तान घ्या. रंगात आल्यावर गळा त्याच्याही वर जातो.