पेटंट एजंट की पेटंट वकील? बायोटेकवाल्याने आधी काय शिकावं

बायोटेकच्या पेटंटचं काम करणाऱ्या सगळ्यांनाच आपण 'पेटंट वकील' म्हणतो. कायदा मात्र दोन वेगळी माणसं ओळखतो, आणि दोघांच्या शिक्षणाचा क्रमही वेगळा आहे.

पेटंट एजंटला एलएलबी लागत नाही. पेटंट कायदा, 1970 च्या कलम 126 नुसार भारतीय नागरिकत्व, वयाची 21 वर्षं पूर्ण, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी, आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा पास, एवढं हवं. एक पेपर कायदा-नियमांचा, दुसरा स्पेसिफिकेशन (शोधाचं सविस्तर वर्णन) लिहिण्याचा, मग तोंडी. दोन्ही पेपरांत किमान 50 गुण आणि एकूण 60 टक्के लागतात. ही परीक्षा दरवर्षी होतेच असं नाही, त्यामुळे जाहिरात निघाली की लगेच अर्ज भरावा. पेटंट कायद्याचा डिप्लोमा अभ्यासाला उपयोगी पडतो, पण त्यावर एजंट होता येत नाही.

वकिलाला पदवीनंतर 3 वर्षांची एलएलबी (महाराष्ट्रात सीईटी देऊन), सनद (वकिलीचा परवाना) आणि ऑल इंडिया बार परीक्षा. एलएलबी नियमित वर्गांचीच हवी, दूरस्थ पदवीवर सनद मिळत नाही. पेटंटच्या उल्लंघनाचा दावा चालवायचा किंवा कंट्रोलरच्या (पेटंट कार्यालयातल्या निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याच्या) निर्णयावर हायकोर्टात अपील करायचं, तर वकीलच लागतो. 2021 मध्ये अपीलाचं स्वतंत्र न्यायाधिकरण बंद झाल्यापासून हे काम हायकोर्टांकडेच आलं आहे. कंट्रोलरसमोरच्या सुनावणीत वकील उभा राहू शकतो, पण नोंदणी नसताना पेटंट एजंट म्हणून व्यवसाय करू शकत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक बारावीनंतर होते. पेटंटमध्ये जायचं म्हणून मुलं थेट पाच वर्षांच्या बीए एलएलबीला जातात. सनद मिळते, पण विज्ञानाची पदवी नसल्याने एजंटच्या परीक्षेला बसता येत नाही.

बायोटेकमध्ये विज्ञान आधी का, हे पेटंट अर्जाचा मसुदा लिहिताना कळतं. कलम 3(जे) वनस्पती, प्राणी, बियाणं यांना पेटंट नाकारतं, सूक्ष्मजीवांना वगळून. कलम 3(आय) उपचारपद्धतींना नाकारतं. अमेरिकेतल्या अर्जातला उपचारपद्धतीचा क्लेम (ज्यावर हक्क मागितला तो भाग) इथे तसाच उचलला, की आक्षेप येतो. मग तो औषधाच्या क्लेममध्ये बदलू म्हटलं तर कलम 59 आड येऊ शकतं, कारण दुरुस्त केलेला क्लेम मूळ क्लेमच्या व्याप्तीबाहेर जाऊ शकत नाही. शब्दांत पुरेसं वर्णन न करता येणारा नवा जिवाणू असेल, तर अर्जाच्या तारखेपर्यंत तो बुडापेस्ट करारानुसार मान्य केंद्रात जमा केलेला हवा (पुणे आणि चंदीगडला अशी केंद्रं आहेत). ते राहून गेलं, तर पुढे कोर्टातला कितीही चांगला वकील ती भर घालू शकत नाही. कोणता स्ट्रेन, कोणता सिक्वेन्स, किती डेटा पुरेसा, हे ओळखायला प्रयोगशाळेत काढलेली वर्षंच कामी येतात.

म्हणून आमचा सल्ला: बीएससी किंवा बीटेक, मग मॉलिक्युलर बायोलॉजी किंवा इम्युनॉलॉजीकडे झुकणारं एमएससी, आणि त्याच दरम्यान एजंटची परीक्षा. दोनतीन वर्षं मसुदे लिहून झाल्यावर कोर्टाची ओढ वाटली, तर एलएलबी करावी. एक गोष्ट आधीच ठरवा: कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली, तर बार कौन्सिलच्या नियमानुसार वकिली थांबवावी लागते. नुसत्या एजंटला हा नियम लागत नाही.