चौपदरी पट्टी की उलटवलेली नळी?

किल्ल्या मनगटात अडकवायचा कापडी पट्टा शिवायचा तर पहिलं काम एकच: कापडाची लांब पट्टी कापणं. घोटाळा तिथेच होतो. तयार पट्टा अडीच सेंमी रुंद हवा असेल, तर चौपदरी घडीची कृती पट्टी १० सेंमी रुंद कापायला सांगते आणि उलटवलेल्या नळीची ७ सेंमी. दोन्ही तयार पट्टे शेजारी ठेवले तर फरक चटकन कळत नाही. मग माप एका कृतीचं घेतलं जातं आणि घडी दुसऱ्या कृतीची घातली जाते. १० सेंमीची पट्टी नळीसारखी शिवून उलटवली की पट्टा ४ सेंमी रुंद होतो आणि अडीच सेंमीच्या डी-रिंगमध्ये (D आकाराच्या धातूच्या कडीत) चुरगळून कोंबावा लागतो. ७ सेंमीच्या पट्टीची चौपदरी घडी घातली तर पावणेदोन सेंमीच हाती लागतात आणि पट्टा रिंगमध्ये इकडून तिकडे सरकत राहतो. दोन्ही मापं आपापल्या जागी बरोबरच असतात. घडी बदलली की हिशोबही बदलतो, एवढंच.

चौपदरी पट्टीत निम्मं काम इस्त्रीच करते. कापड उलट बाजू वर करून ठेवायचं, लांबीत मधोमध दुमडून इस्त्रीने रेघ उमटवायची आणि पुन्हा उघडायचं. मग दोन्ही लांब कडा त्या रेघेकडे आत दुमडून दाबायच्या आणि शेवटी मूळ रेघेवर पट्टी मिटायची. कच्च्या कडा आत गडप होतात, कापडाचे चार पदर एकावर एक बसतात. इथे एक बारकावा बहुतेक कृतींतून सुटतो. कडा रेघेला अगदी भिडवायच्या नाहीत, दोन्हीकडून मिलिमीटरभर अलीकडेच थांबवायच्या. भिडवल्या तर शेवटची घडी मिटताना मध्ये कापड दाटतं, कड फुगीर राहते आणि कितीही इस्त्री केली तरी बसत नाही. मिटलेल्या पट्टीला एका बाजूला बंद घडी असते आणि दुसऱ्या बाजूला दोन घड्या ओठांसारख्या एकमेकींवर टेकलेल्या. ती उघडी बाजू आधी शिवायची, कडेपासून २-३ मिमी आत, आणि मग बंद बाजूलाही तशीच टीप मारायची. दोन्ही टिपा एकाच टोकाकडून सुरू करायच्या. एक वरून खाली आणि दुसरी खालून वर मारली तर मशीन खालचे पदर आणि वरचे पदर उलटसुलट ओढतं, पट्टीवर तिरप्या सुरकुत्या पडतात आणि ती पिळल्यासारखी दिसते.

नळीचं काम उलट क्रमाने चालतं. पट्टी सुलट बाजू आत ठेवून लांबीत दुमडायची, उघड्या कडेपासून १ सेंमी आत टीप मारायची आणि एका टोकाला सेफ्टी पिन अडकवून, ती आतून सरकवत नेऊन नळी उलटवायची. म्हणून रुंदीच्या दुप्पट अधिक दोन्ही कडांचं मार्जिन (टिपेच्या बाहेर राहणारं कापड), ५ आणि २ मिळून ७ सेंमी. अडीच सेंमीची नळी फारसा त्रास देत नाही. सेंमीभर रुंदीची असेल तर घाम काढते. टाका इथे जरा बारीक ठेवावा, २ मिमीच्या आसपास. उलटवताना सगळी ओढ त्या एकाच शिलाईवर येते आणि टाके लांब किंवा सैल असतील तर शिवणीतून दोरा डोकावू लागतो.

नळी उलटवून सपाट केल्यावर शिवण कडेला ठेवायची की मागच्या बाजूला मधोमध, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मला मधोमध बरी वाटते. कडेला ठेवली तर मार्जिनचे दोन्ही पदर एकाच बाजूला साचतात आणि पट्टा एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ होतो. मधोमध ठेवली की मार्जिन दोन्हीकडे उघडून बसवता येतं आणि जाडी सारखी वाटली जाते. त्यासाठी उलटवण्यापूर्वीच मार्जिन बोटाने किंवा इस्त्रीच्या टोकाने फाकवून घ्यायचं. नंतर आत हात पोचत नाही.

तयार पट्टा हातात घेतल्यावर तो कुठल्या पद्धतीचा हे ओळखायचं तर फक्त टिपा बघून भागत नाही, कारण नळीलाही पुष्कळ जण कडेने वरून टीप मारतात. लांब कड नखाने उचकटून बघायची. एका कडेला दोन घड्या सुट्या दिसल्या आणि फक्त टिपेने धरलेल्या असल्या तर पट्टा चौपदरी. दोन्ही कडा अखंड असल्या, किंवा कडेची फट आतल्या शिवणीने बंद असली, तर नळी.

नक्षीचं कापड असेल तर हा फरक कापण्याआधीच ध्यानात घ्यावा लागतो. समजा पट्टीच्या बरोबर मध्यावरून फुलांची एक ओळ जाते. मधोमध शिवण असलेल्या नळीत ती ओळ पट्टीच्या दर्शनी बाजूवर, अगदी मध्यभागी येते. तीच पट्टी चौपदरी दुमडली तर ओळ नेमकी बंद घडीवर जाते, अर्धं फूल या बाजूला आणि अर्धं त्या बाजूला. चौपदरीत बाहेर दिसतात ते पट्टीच्या चार भागांपैकी मधले दोन. कडेचे दोन भाग आत लपतात. म्हणजे १० सेंमीच्या पट्टीत फूल मध्यावर नको, मध्यापासून सव्वा सेंमी बाजूला हवं. खडूने चार उभे भाग आखून मगच कात्री लावली तर नंतर हळहळ होत नाही. कडेचे भाग दिसणारच नाहीत, तेव्हा तिथे कापडाचा डाग किंवा छपाईचा दोष खपून जातो.

आता मजबुतीचं. किल्ल्यांचं वजन ते काय असणार. तेवढ्याने दोन पदरी कापडही तुटत नाही. लांबीत जाणारी शिवण उसवण्याची भीतीही फारशी नसते, कारण ओढ शिवणीच्या दिशेनेच असते, ती फाकवणारी नसते. पट्टा झिजतो तो घासून. धातूची कडी रोज त्याच एका वळणावर फिरते, तिथला वरचा पदर आधी विरतो. नळीत त्या पदराच्या आत सरळ मार्जिन किंवा पोकळी लागते. चौपदरीत बाहेरचा पदर विरला तरी आतला दुमडलेला पदर शाबूत असतो आणि कडेच्या दोन टिपा सगळ्यांना एकत्र धरून ठेवतात. रोज वापरायच्या पट्ट्यासाठी मी चौपदरीच शिवेन ते याच कारणाने. दुसरं म्हणजे वरून टीप न मारलेली नळी खिशात राहून राहून गोल व्हायला लागते, पदर एकमेकांवर सरकतात आणि पट्ट्याची दोरी होते. नळीच हवी असेल तर कडेच्या दोन टिपांचा आळस करू नये.

पण हे पातळ आणि मध्यम सुती कापडापुरतं. डेनिम किंवा जाड कॅनव्हास घेतला की पारडं फिरतं. चार पदरांचा पट्टा रिंगजवळ दुमडला की आठ पदर होतात, आणि टोकं जोडलेली जागा तिथे आली तर त्याहून जास्त. घरगुती मशीनची सुई तिथे अडते, टाके गाळते, कधी मोडते. अशा कापडाला नळी बरी. आणि ते कापड इतकं जाड असेल की नळीही उलटेना, तर दोन्हींचा नाद सोडून तयार निवार पट्टी घ्यावी आणि तिच्यावर हवं ते पातळ कापड शिवावं.

कडकपणा आणण्यासाठी आत पेस्टिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावायचं असेल तर तिथेही दोन्ही पद्धतींचं एकमेकींशी जमत नाही. चौपदरीत ते सोपं. संपूर्ण १० सेंमीला न चिकटवता मधल्या ५ सेंमीलाच चिकटवलं तरी दर्शनी दोन्ही पदर कडक होतात, आतले मऊ राहतात आणि पेस्टिंगच्या कडेवर घडी आपोआप सरळ पडते. इस्त्री घासायची नाही; दाबून धरायची, उचलायची, पुढे ठेवायची. नळीत पेस्टिंग लावलं तर कडक कापड स्वतःच्याच पोटातून ओढून काढावं लागतं आणि त्याला कायमच्या चुण्या पडतात. लावायचंच तर अगदी पातळ घ्यावं आणि शिवणीच्या रेघेपर्यंतच कापावं, मार्जिनमध्ये जाऊ देऊ नये.

लांबीचा हिशोब दोन्हींचा एकच आहे. मनगट मोजून उपयोग नाही, पट्ट्यातून हात जायला हवा. अंगठा तळहातात घेऊन हाताच्या सगळ्यात रुंद भागाभोवती टेप धरायची. तो आकडा २२ सेंमी आला तर ३ सेंमी मोकळीक, ४ सेंमी रिंगभोवतीचा भाग आणि २ सेंमी टोकांचं मार्जिन मिळून ३१ सेंमी लांब पट्टी कापायची. लांबी कापडाच्या उभ्या धाग्यात घ्यावी. उरेब, म्हणजे तिरपी कापलेली पट्टी ताणली जाते आणि लोंबते.

टोकं जोडताना मात्र वाटा पुन्हा वेगळ्या होतात, आणि चौपदरीची खरी गंमत इथे आहे. तिच्या घड्या इस्त्रीने पाडून झाल्या, पण टिपा मारायच्या बाकी आहेत, अशा वेळी पट्टी डी-रिंगमधून ओवून घ्यायची. मग टोकाकडचा भाग पूर्ण उघडायचा, पीळ पडला नाही ना बघायचं, दोन्ही टोकं सुलटला सुलट लावून १ सेंमीवर शिवायची, मार्जिन फाकवायचं आणि पुन्हा त्याच घड्यांवर मिटायचं. आता अखंड वर्तुळ तयार झालं. कडेच्या टिपा त्यावर गोल फिरवून मारायच्या. कच्चं टोक कुठेच दिसत नाही. शेवटी जोड सरकवून रिंगपाशी आणायचा आणि रिंगपासून सेंमीभर खाली दोन्ही थर एकत्र धरून आडवी टीप मारायची, तीनदा पुढेमागे. सुई १६ नंबरची, दोरा पॉलिएस्टर. मशीनचा फूट (सुईपाशी कापड दाबून धरणारा भाग) जाड भागावर चढताना मागे झुकत असेल तर त्याच्या मागच्या बाजूखाली त्याच कापडाची घडी सरकवावी, म्हणजे फूट सपाट राहतो. आणि ते चार टाके पायाने किंवा मोटरने न मारता हाताने चाक फिरवून घालावेत.

नळीत ही सोय नाही. ती शिवून उलटवल्यावर टोकं उघडीच राहतात. एका टोकाची कड सेंमीभर आत दुमडायची, दुसरं टोक तिच्यात खुपसायचं आणि आडवी शिलाई करायची. जोड मजबूत होतो, पण तिथे गाठीसारखा उंचवटा येतो आणि तो बोटांना लागत राहतो. पातळ कापडात एवढं काही वाटत नाही.

टोकांना चिमट्यासारखी बसणारी धातूची दातेरी क्लिप वापरणार असाल तर टोकं शिवायचा प्रश्नच मिटतो. पट्टा दुमडून दोन्ही कच्ची टोकं सारखी करायची, काठापासून अर्धा सेंमी आत एक टीप मारून एकत्र धरायची, क्लिपच्या आत सारायची आणि पक्कडीने दाबायची. पक्कड आणि क्लिप यांच्यात कापडाचा तुकडा ठेवावा, नाहीतर चकाकीवर ओरखडे पडतात. दाबही आधी मधोमध, मग दोन्ही टोकांना. इथे नळीची बाजू थोडी वरचढ ठरते. क्लिपमध्ये जागा मोजकीच असते. चौपदरीचे आठ पदर आणि वर पेस्टिंग असलं तर दाते एकमेकांकडे येत नाहीत, क्लिप बंद झालीशी वाटते आणि जोराने ओढल्यावर निसटते. चौपदरी पट्टा क्लिपमध्ये घालायचाच असेल तर कापड शर्टाच्या कापडाइतकं पातळ असावं आणि टोकाच्या सेंमीभर भागातलं पेस्टिंग आधीच कापून टाकावं. रुंदीही बघावी. क्लिप अडीच सेंमीची असेल तर पट्टा दोनेक मिमी अरुंद असलेला बरा, नाहीतर कडा बाहेर डोकावतात. चौपदरीत घड्या थोडी रुंदी आपणहून खातात, त्यामुळे ते बहुधा जमून जातं. नळीत मात्र शिवण मुद्दाम एक-दोन मिमी आत घ्यावी लागते.

मशीन नसेल तर नळीच. चार पदरांतून हाताने सुई आरपार काढत दोन्ही कडांना बखिया (दर वेळी मागे येऊन घातलेला टाका) घालणं म्हणजे बोटांची परीक्षा, आणि टाके मागच्या बाजूला वेडेवाकडे उमटतात ते वेगळंच. नळीला दोन पदरांतून जाणारी एकच शिवण लागते आणि ती आत लपते, त्यामुळे टाके थोडे पुढेमागे झाले तरी कुणाला दिसत नाहीत. फक्त साधा धावदोरा घालून भागवू नये, बखियाच घालावा. धावदोऱ्याची शिवण उलटवताना चुणते आणि फाकते. रिंगपाशी चौकोन आणि आत फुली अशी हातशिलाई दुहेरी दोऱ्याने केली की पट्टा वापरायला तयार.