तण रोपाचा उजेड खातं की पाणी? सूचिपर्णी लागवडीतला एक नेहमीचा घोळ

जंगल तोडलं किंवा जळलं की त्या जागी पाइन, फर, स्प्रूसची रोपं लावतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथं गवत, काटेरी झुडपं, जुन्या बुंध्यांचे फुटवे असं सगळं इतकं माजतं की वीत-दीड वीत उंचीचं रोप शोधावं लागतं. बघणारा लगेच म्हणतो, अरे याला ऊनच मिळत नाहीये, वरचं सगळं छाटून टाका की वाढेल. कधीकधी हे अगदी बरोबर असतं. पण कितीतरी ठिकाणी रोपाला ऊन पोटभर मिळत असतं आणि ते मरत असतं तहानेने, आणि तिथं वरवर छाटून जवळजवळ काहीच पदरात पडत नाही कारण पाणी ओढणारी मुळं खाली जिवंतच असतात. लांबून बघितलं तर दोन्ही जागा सेम दिसतात, हिरवं रान आणि त्यात खुरटलेलं रोप. म्हणून उजेडाची स्पर्धा आणि पाण्याची स्पर्धा या दोन गोष्टी लोक सर्रास एकच समजतात.

दोन खऱ्या जागा घेऊन बोलू म्हणजे नुसती थिअरी होणार नाही.

पहिली जागा कॅनडातलं क्यूबेक. तिथं हिवाळाभर बर्फ आणि उन्हाळ्यातही दर महिन्याला बऱ्यापैकी पाऊस, त्यामुळे जमिनीत ओल सहसा कमी पडत नाही. लागवड स्प्रूसची, आणि तोडणीनंतर वर येतात रानरास्पबेरी, बर्च, आस्पेन, रानटी चेरी. ही मंडळी स्प्रूसपेक्षा कितीतरी झपाट्याने उंच जातात आणि खालच्या रोपावर छप्पर धरतात. इथं भांडण खरंच उजेडाचं आहे. क्यूबेकने 2001 पासून सरकारी जंगलात तणनाशक फवारणं बंद केलं आणि त्याऐवजी माणसं ब्रश कटर खांद्याला लावून रोपाच्या आजूबाजूचं रान कापत फिरतात, शिवाय रोपंच मुळात मोठी, उंच लावतात म्हणजे ती शर्यतीत आधीच चार पावलं पुढे. कापलेलं पुन्हा फुटतं, मग काही ठिकाणी परत एकदा जावं लागतं, खर्च वाढतो हे आहेच. पण पद्धत चालते, कारण रोपाला जे कमी पडत होतं ते वर होतं आणि कापल्याने तेच मोकळं होतं.

दुसरी जागा अमेरिकेतला ऑरेगनचा नैर्ऋत्य कोपरा आणि त्याला लागून असलेला उत्तर कॅलिफोर्निया. मेडफर्ड शहराच्या आसपास वर्षाला साधारण 450 ते 500 मिलिमीटर पाऊस, आणि तो बहुतेक सगळा ऑक्टोबर ते मे. जुलै-ऑगस्ट जवळपास कोरडे ठणठणीत. आपल्याकडे पाऊस आणि वाढीचा हंगाम हातात हात घालून येतात, तिथं बरोबर उलटं, पाऊस पडतो थंडीत जेव्हा झाडं झोपलेली असतात आणि ऊन तापतं तेव्हा आकाशातून एक थेंब येत नाही. म्हणजे हिवाळ्यात जमिनीत जे साठलं तेच बँक बॅलन्स, उन्हाळाभर त्यातूनच काढायचं, नवीन डिपॉझिट ऑक्टोबरशिवाय नाही. आता त्या खात्यात डग्लस फर या तिथं लावल्या जाणाऱ्या सूचिपर्णी झाडाच्या रोपाबरोबर गवत आणि झुडपांचीही सही चालते हा सगळा प्रॉब्लेम आहे.

गवताचं बघा. तिथं चीटग्रास नावाचं एक बाहेरून आलेलं गवत आहे, ते पानगळीच्या दिवसांत उगवतं, थंडीत वर काही विशेष दिसत नाही पण खाली मुळं पसरवत बसतं, मार्च-एप्रिलमध्ये जोरात वाढतं, बी टाकतं आणि जूनपर्यंत वाळून पिवळं. जुलैमध्ये तुम्ही त्या प्लॉटवर गेलात तर वाटेल हे तर मेलेलं गवत आहे, याचा काय त्रास, सावली सुद्धा पडत नाही. पण वरच्या फूटभर थरातलं पाणी ते जूनच्या आतच पिऊन मोकळं झालेलं असतं. आणि नवीन लावलेल्या रोपाची मुळं कुठं असतात? त्याच फूटभर थरात, नर्सरीतून जेवढी आली तेवढीच. म्हणून पहिल्या वर्षी गुडघ्याएवढं गवत हे डोक्याएवढ्या झुडपापेक्षा जास्त घातक ठरू शकतं, आणि म्हणूनच जुलैमध्ये ते गवत कापणं म्हणजे वरातीमागून घोडं. जे करायचं ते पानगळीत किंवा वसंताच्या अगदी सुरुवातीला, पाणी अजून जमिनीत असताना.

झुडपांची गोष्ट थोडी वेगळी. टॅनओक आणि मॅड्रोन ही झाडं कापली की जमिनीलगतच्या गाठीतून फुटतात, आणि त्यांच्याकडे जुनी, खोलवर गेलेली सगळी मुळं तयार असतात, त्यामुळे एका वर्षात मीटरभर फुटवे येणं काही विशेष नाही. शेजारी आपलं रोप नवीन मुळं धरायला धडपडतंय. कापल्यावर पानं कमी होतात त्यामुळे थोडे दिवस पाणी वाचतं हे खरं, पण फुटव्याला पानं आली की पंप परत चालू. व्हाइटलीफ मँझनिटा हे झुडूप मात्र कापलं की मुळातून फुटत नाही, तिथं कापणंही पुरतं, फक्त त्याचं बी जमिनीत कित्येक वर्षं पडून असतं आणि आग लागली की उगवतं. म्हणजे कापायचं की मुळासकट मारायचं हे ठरवायला समोर कुठलं झुडूप आहे हे ओळखता यायला पाहिजे, त्याला पर्याय नाही.

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथं होतो तिथं येऊ. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की झाकलेल्या जमिनीत ओल टिकते आणि उघडी जमीन वाळते. हे अर्धं खरं आहे. झाकण मेलेलं असेल, पालापाचोळा, भुसा, वाळलेलं गवत, तर ओल टिकतेच. झाकण जिवंत असेल तर ते झाकण स्वतःच पाणी पितं. ऑगस्टमध्ये अशा लागवडीत दोन ठिकाणी खणून बघितलं की फरक हाताला कळतो. तण काढलेल्या जागी वरचा दोन-तीन बोटं थर अगदी धूळ, तापलेला, बघून वाटतं इथं काय राम राहिलाय, पण खुरप्याने वीतभर खाली गेलं की माती काळसर, गार, मुठीत दाबली तर गोळा होते. शेजारी गवताळ जागेत वर सगळं मऊ मऊ, आणि त्याच खोलीवर माती भुरभुरीत, बोटांतून गळून जाते, नुसता मुळांचा जाळीदार गुंता. कारण साधं आहे, उघड्या जमिनीचा वरचा थर एकदा वाळला की तोच खालच्या ओलीवर झाकण होऊन बसतो आणि बाष्पीभवन मंदावतं, पण पानांतून जाणारं पाणी मुळं थेट खालून ओढतात, त्यांना वरच्या थराशी काही देणंघेणं नाही. आपले शेतकरी एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी म्हणतात त्यात या दोन्ही गोष्टी आल्या, तण मुळासकट जातं आणि वर मातीचा भुसभुशीत थर तयार होतो.

सावली पण अशीच दोन प्रकारची. त्या भागात दक्षिणेकडच्या उतारावर जमीन इतकी तापते की कोवळ्या रोपाचं खोड मातीलगत भाजतं, मग तिथं सावली हवीच. म्हणून लावणारे लोक रोप जुन्या बुंध्याच्या किंवा पडलेल्या ओंडक्याच्या उत्तरेला लावतात, किंवा दक्षिणेच्या बाजूला पुठ्ठ्याचं किंवा जाळीचं छोटं कार्ड खोचतात. ओंडका सावली देतो आणि पाणी पीत नाही. झुडूप सावली देतं आणि तिची किंमत पाण्यात वसूल करतं. कधी ती किंमत परवडते, कोवळ्या वयात कडक उतारावर थोडंसं झुडूप फायद्याचं पण ठरतं, पण मेडफर्डच्या बाजूच्या कोरड्या जमिनीवर बहुतेक वेळा नाही परवडत.

मग रोपाकडे बघून ओळखायचं कसं? उजेड कमी पडलेलं रोप उंच जायचा प्रयत्न करतं, खोड काडीसारखं बारीक, खालच्या फांद्या विरळ, आणि वारा आला की वाकतं. तहानलेलं रोप बुटकं राहतं, सुया आखूड, शेंड्याची वाढ इंच-दोन इंच, उन्हाळा संपताना टोकं तांबूस. खोडाची जाडी मात्र दोन्हीकडे मार खाते, त्यामुळे नुसती जाडी मोजून निदान होत नाही. आणि एक गोष्ट फार लोक विसरतात, डग्लस फरची पुढच्या वर्षीची कळी या वर्षीच्या उन्हाळ्यातच तयार होते, तिच्यात किती सुया बसणार ते तेव्हाच बरंचसं ठरतं. म्हणजे यंदा तहान लागली तर त्याचा खरा हिशोब पुढच्या वसंतात दिसतो, तेव्हा पाऊस भरपूर झालेला असला तरी शेंडा आखूडच. मग लोक म्हणतात यंदा तर पाणी चांगलं होतं तरी वाढलं नाही, जमीनच खराब दिसते.

डोळ्यांवर भरवसा नसेल तर मोजता येतं. 1965 च्या सुमारास शोलँडर आणि सहकाऱ्यांनी प्रेशर चेंबरची पद्धत पुढे आणली आणि 1967 मध्ये वेअरिंग आणि क्लिअरी यांनी झाडांचा पाण्याचा ताण मोजायला ती कशी वापरायची ते दाखवलं. सूर्य उगवायच्या आधी जायचं, एक छोटी डहाळी कापायची, ती जाड धातूच्या डब्यात घालायची, कापलेलं टोक झाकणातून बाहेर, आणि आत गॅसचा दाब हळूहळू वाढवायचा. टोकावर पाण्याचा थेंब चमकला की काटा वाचायचा. 4-5 बारला (बार हे दाबाचं माप) थेंब आला तर रोप मजेत, 15 च्या पुढे गेला तर वाढ जवळजवळ ठप्प. पहाटेच का, तर रात्रभर पर्णरंध्रं बंद असल्याने रोप आणि माती यांचा ताण सारखा झालेला असतो, म्हणजे रोपच तुम्हाला मुळांपाशी किती पाणी आहे ते सांगतं. एकाच उतारावर तण काढलेल्या आणि न काढलेल्या रोपांची अशी पहाटेची मापं घेतली की उजेडाचा मुद्दा आपोआप बाजूला पडतो, कारण पहाटे कोणालाच ऊन नसतं.

नैर्ऋत्य ऑरेगनमध्ये एके काळी सरकारी खात्यांनी मोठे डोंगर उतार इथं परत झाडं येणारच नाहीत म्हणून लाकूड उत्पादनाच्या हिशोबातून बाजूला काढले होते. 1978 मध्ये तिथं एफआयआर (फॉरेस्ट्री इंटेन्सिफाइड रिसर्च) नावाचा संशोधन कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्या काळात दिसलं की चांगलं रोप, वेळेवर लागवड आणि स्पर्धक झाडोरा काबूत ठेवणं एवढं जमलं तर त्यातल्या बऱ्याच जागांवर झाडं जगतात. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात मोठा धडा आहे, कारण ज्याला लोक नापीक जमीन म्हणत होते तिथं बऱ्याच अंशी अडचण पाण्याच्या वाटणीची होती.

कॅलिफोर्नियात वन-संशोधक रॉबर्ट पॉवर्स यांनी 1986 पासून पाँडेरोसा पाइनवर एक प्रयोगमालिका लावली, नाव गार्डन ऑफ ईडन. काही प्लॉटवर फक्त तण मारलं, काहींवर फक्त खत, काहींवर दोन्ही. कोरड्या जागांवर तण मारल्याचा फायदा सगळ्यात मोठा निघाला आणि नुसतं खत घालून फारसं काही हाती लागलं नाही. जिथं पाऊस आणि माती दोन्ही चांगली तिथं खताचाही उपयोग दिसला. म्हणजे आधी पाणी, मग अन्न.

ऑरेगन म्हटलं की सगळीकडे दुष्काळच असंही धरू नका. त्याच राज्यात समुद्राकडच्या डोंगररांगेत 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथं सॅमनबेरी आणि रेड आल्डर डग्लस फरच्या डोक्यावरून जातात आणि भांडण बरंचसं उजेडाचं होतं. राज्याचा 1971 चा कायदा मात्र दोन्हीकडे तोच, तोडणीनंतर ठरलेल्या मुदतीत लावायचं आणि सहाव्या वर्षाअखेर रोपं तणाच्या वर मोकळी वाढताना दिसली पाहिजेत. त्या घाईत हेलिकॉप्टरने फवारणी होते आणि लोकांचा त्यावर राग आहे, तो उगाच नाही, 2,4,5-टी नावाचं तणनाशक याच जंगलात वर्षानुवर्षं मारलं जायचं आणि 1979 मध्ये तिथल्याच आल्सी भागातल्या तक्रारींनंतर त्याचा वापर तातडीने थांबवावा लागला. फवारायचं नसेल तर कुदळीने रोपाभोवती मुळासकट आळं काढायचं किंवा मल्च मॅट, म्हणजे तण वर येऊ न देणारी चटई, टाकायची, दोन्ही चालतं, फक्त आळं ऐसपैस पाहिजे. फूटभराच्या आळ्यात बाजूच्या गवताची मुळं एका हंगामात परत घुसतात.

आणि हे सगळं कायमचं करत राहायचं नसतं. मध्य ऑरेगनमधल्या प्रिंगल फॉल्सला 1959 मध्ये वन-संशोधक बॅरेट यांनी प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीतून आलेल्या हलक्या सच्छिद्र मातीवर प्रयोग लावला होता, दाटीत खुरटलेली पाँडेरोसा पाइनची लहान झाडं विरळ केली, काही प्लॉटवर खालची झुडपं ठेवली, काहींवर सतत काढत राहिले. सुरुवातीची बारा-वीस वर्षं झुडपं काढलेल्या प्लॉटवरची झाडं स्पष्ट पुढे होती. त्यानंतर वाढीतला फरक राहिला नाही. 35 वर्षांनी माती तपासली तर झुडपं ठेवलेल्या प्लॉटवर अगदी वरच्या थरात कार्बन आणि नायट्रोजन जास्त निघालं, त्यात बिटरब्रश आणि स्नोब्रश ही हवेतला नायट्रोजन धरणारी झुडपं होती.