पेटीच्या आधीची गोष्ट : जिमी कार्टरच्या 1962 च्या इलेक्शनची पार्श्वभूमी

अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर डिसेंबर 2024 मध्ये गेला, वयाच्या शंभराव्या वर्षी, तेव्हा आपल्याकडच्या बातम्यांत कॅम्प डेव्हिड, इराणमधले ओलीस आणि हरियाणातलं कार्टरपुरी एवढंच आलं. त्याच्या जॉर्जिया राज्याच्या सिनेटची, म्हणजे राज्याच्या वरच्या सभागृहाची, त्याची पहिली इलेक्शन कुणी काढलीच तर मतपेटीच्या घोळासाठी काढतो. घोळ आहेच तसा भारी. पण माझ्या मते मुद्दा त्याच्या आदल्या वर्षी हरलेल्या, शाळांवरच्या एका मतदानात आहे, जे नेहमी एका ओळीत उरकलं जातं.

बोर्ड म्हटलं की आपल्याला दहावी-बारावी आठवते, पण तिकडचं काउंटी स्कूल बोर्ड (काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका) वेगळं, आपली म्हातारी माणसं 'लोकल बोर्डाची शाळा' म्हणायची त्यातल्या बोर्डाच्या जवळचं. शाळा कुठे बांधायची, बस कुठून न्यायची, हे सगळं त्यांच्याकडे. कार्टरचे वडील या बोर्डावर होते, मग आमदार झाले आणि 1953 ला कॅन्सरने गेले. पोरगा नेव्ही सोडून प्लेन्सला, आपल्या गावी, आला, शेंगदाण्याचं गोदाम सांभाळायला लागला आणि पंचावन्न-छप्पन्नच्या सुमारास त्याच बोर्डावर जाऊन बसला. म्हणजे खुर्ची तशी घरातलीच.

आता इथे त्याचे भक्त जरा घाई करतात. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत हा सुप्रीम कोर्टाचा निकाल 1954 चा, आणि हे बोर्ड त्यानंतरही वर्षानुवर्षं वेगळ्याच शाळा चालवत होतं, कार्टर त्यात होता, पुढे तर चेअरमन होता. गोरी पोरं बसने जातात आणि काळी पोरं चालत, हे बोर्डावर काही महिने काढल्यावर आपल्या लक्षात आलं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. नंतर काळ्या पोरांना बस मिळाल्या, तर त्या बसचे पुढचे मडगार्ड काळे रंगवलेले, लांबून कळावं म्हणून. पण हेही तितकंच खरं की शाळा वेगळ्याच ठेवा म्हणणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेची पाच डॉलरची वर्गणी त्याने भरली नाही, मित्र स्वतःच्या खिशातून भरायला तयार होते तरी नाही, आणि त्यापायी गोदामावर काही दिवस बहिष्कार सोसला.

मग आलं 1961. काउंटीच्या शाळा आणि अमेरिकस शहराच्या शाळा एका व्यवस्थेखाली आणायच्या, मोठं हायस्कूल करायचं, म्हणजे सायन्सची लॅब, परदेशी भाषा, चांगले मास्तर परवडतील असा प्लॅन. कार्टर त्यासाठी गावोगाव फिरला. तो म्हणायचा हा खर्चाचा आणि दर्जाचा विषय आहे. विरोधक म्हणायचे की हा मागच्या दाराने शाळा मिसळण्याचा डाव. खरं सांगायचं तर दोघांचंही पूर्ण खरं नव्हतं. मोठी शाळा झाली की वेगळेपण टिकवणं अवघड जाणार हे गावातल्या कुणालाही कळत होतं, आणि दुसरीकडे रंगाशी काही देणंघेणं नसलेला एक साधा राग होताच, की आपल्या गावची शाळा जाणार. आपल्याकडे कमी पटाच्या शाळा बंद करायचं निघालं की गावं कशी पेटतात ते आठवा. खुद्द प्लेन्स विरोधात गेलं, सख्खा चुलतभाऊ विरोधात गेला, आणि प्लॅन 88 मतांनी पडला. शाळांचा प्रश्न आता गावात सुटणार नाही, राज्यात जायला पाहिजे, हे तिथून सुरू झालं असं मी मानतो.

पण राज्यात जायला वाट कुठे होती? इथे लोक 'काउंटी युनिट' हा शब्द फेकतात आणि गोंधळ घालतात. युनिट पद्धत पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचं तिकीट ठरवणाऱ्या मतदानात, मुख्यतः गव्हर्नर (तिकडे तो निवडून येतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा) वगैरे राज्यभरच्या पदांसाठी. काउंटीत जो पुढे, तिची सगळी युनिटं त्याला. 159 काउंट्या, मोठ्या 8 ना प्रत्येकी 6 युनिटं, पुढच्या 30 ना 4, उरलेल्या 121 ना 2. फुल्टन काउंटी, म्हणजे अटलांटा, साडेपाच लाखांच्या वर लोकवस्ती, 6 युनिटं. एकोल्स काउंटी 1,876 माणसं, 2 युनिटं. जिल्हा बँकेच्या इलेक्शनला सोसायटी गटात सभासद कितीही असोत, ठराव एकच, तसलंच काहीतरी. एप्रिल 1962 मध्ये फेडरल कोर्टाने हे मोडलं. मात्र कार्टरची सिनेटची जागा यातून मोकळी झाली नाही. सिनेटचा घोळ वेगळाच होता, बहुतेक मतदारसंघ तीन काउंट्यांचे आणि आमदारकी आळीपाळीने, सरपंचपद अडीच-अडीच वर्षं वाटून घेतात तशी. ते दुसऱ्या केसमुळे गेलं. सिनेट लोकसंख्येवर बेतायला लागली आणि ऑक्टोबरात नव्याने प्रायमरी लागली. जुन्या पद्धतीने तिकीट जिंकून बसलेल्या जवळच्या काउंटीतल्या व्यापाऱ्याला पुन्हा उभं राहावं लागलं, त्याच्या बाजूने पाहिलं तर हाही अन्यायच.

कार्टरने 1 ऑक्टोबरला, अडतिसाव्या वाढदिवशी, उभं राहायचं ठरवलं, मतदान 16 ला. क्विटमन काउंटीचा आकडा येईपर्यंत तो पुढे होता, आकडा आला आणि 139 मतांनी मागे. तिथल्या जॉर्जटाउनच्या केंद्रावर आडोसा नाहीच, कचेरीच्या काउंटरवर सगळ्यांसमोर मत द्यायचं, समोर गावचा पुढारी उभा. मत दिलं 333 जणांनी, पेटीत निघाल्या 420 चिठ्ठ्या, यादीत मेलेले आणि जेलमधलेही, आणि सव्वाशेच्या आसपास मतदार चक्क आद्याक्षरांच्या क्रमाने रांगेत आलेले! पेटी म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं. फेरमोजणीत जजने ती पेटीच बाद धरली, कार्टर 65 मतांनी वर आला. तरी कोर्टकचेऱ्या संपल्या नाहीत, नोव्हेंबरच्या मतदानाला मतपत्रिकेवरची दोघांची नावं काढून लोकांना हाताने नाव लिहायला लावलं, त्यातही तोच निवडून आला.

पुढचं माहितीये सगळ्यांना. 1964 ला पुन्हा सिनेट, 1966 ला गव्हर्नरच्या प्रायमरीत आपटला, 1970 ला जिंकला. (1966 चा तो पराभव झाला त्याच सुमाराला त्याची आई पीस कोअर या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून नर्स म्हणून आपल्या विक्रोळीत आली होती, वय अडुसष्ट.) त्याने सोडलेली सिनेटची जागा घेतली ती शाळांच्या प्लॅनला विरोध करणाऱ्या त्याच चुलतभावाने. आणि प्लेन्सची ती शाळा, जी जाईल म्हणून गाव भडकलं होतं, 1979 पर्यंत चालली. आता तिथे कार्टरचं म्युझियम आहे.