काचेवरचे फराटे काय सांगतात

जूनमधला पहिला जोरदार पाऊस येतो. वायपर चालू करावा, तर समोरची काच साफ होण्याऐवजी आणखीच गढूळ होते. अंधार पडलेला असेल तर समोरच्या गाडीचे दिवे त्या ओल्या पटलावर असे फाकतात की घाटातलं वळणसुद्धा कळत नाही. अशा वेळी बहुतेक जण नवीन ब्लेड घेऊन येतात. पण दोष दर वेळी रबराचाच असतो असं नाही. तो नेमका कुठे आहे, हे काचेवर उमटणाऱ्या खुणांवरून बऱ्यापैकी ओळखता येतं.

आधी रबराची कड जवळून पाहा. वर जाड पाठ, खाली अरुंद मान आणि मानेला जोडलेला पातळ ओठ. काचेला टेकते ती या ओठाची फक्त एक धार, मिलिमीटरपेक्षाही अरुंद. वायपर डावीकडे जातो तेव्हा ओठ उजवीकडे कलून मागे ओढला जातो आणि परतताना मानेपाशी पलटी खाऊन दुसऱ्या बाजूला कलतो. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन यांना 1903 साली वायपरचं पेटंट मिळालं तेव्हा तो गाडीतून दांड्याने हलवावा लागे. आता मोटर आली, तरी काचेवरून रबर ओढायची कल्पना तीच आहे. धार सलग टेकलेली असेल तर मागे पाण्याचा इतका पातळ थर उरतो की तो क्षणात वाळतो.

आपल्याकडे ही धार बिघडते ती पावसाळ्याआधीच. ऑक्टोबरपासून मेपर्यंत वायपर एकाच जागी, एकाच बाजूला कललेला पडून असतो. उन्हाने रबर कडक होतं, हवेतला ओझोन त्याच्या रेणूंमधले दुहेरी बंध तोडतो आणि बारीक भेगा पडतात. ओठाला कायमचा बाक येतो. मग एका दिशेला काच स्वच्छ पुसली जाते आणि परतताना पाणी फासलं जातं. अशी खूण दिसली की ब्लेड बदला, ते रबर पुन्हा सरळ होत नाही.

केसासारखी बारीक रेघ राहत असेल तर धारेत खडा अडकलाय किंवा तिला चीर पडलीय. ओलं फडकं धारेवरून फिरवलं की काळा मळ निघतो आणि पुष्कळदा रेघही जाते. न पुसलेला रुंद पट्टा राहत असेल तर तिथे दाब कमी पडतोय. आर्मची, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या दांड्याची, स्प्रिंग सैल झाली असेल, जुन्या पद्धतीच्या ब्लेडचे सांधे धुळीने आखडले असतील किंवा ब्लेडचा बाक त्या काचेला जुळत नसेल.

वायपर थरथरत, कर्रकर्र करत चालतो तेव्हा रबर क्षणभर काचेला चिकटतं, ताण वाढला की सुटून पुढे उडी मारतं आणि पुन्हा चिकटतं. सारंगीच्या तारेवर गजही असाच चिकटत-सुटत चालतो. नवीन ब्लेड लावूनही थरथर राहिली तर आर्म पिळला गेलेला असू शकतो. ब्लेड काचेवर काटकोनात उभं नसलं की ओठ नीट पलटत नाही. चांगला मेकॅनिक आर्मला हलका पीळ देऊन ते जुळवून देतो.

आता काच. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. डिझेलचा धूर, रस्त्यावरचं तेल, बॉडीला लावलेलं वॅक्स या सगळ्यांचा डोळ्यांना न दिसणारा थर काचेवर बसतो. स्वच्छ काचेवर पाणी सपाट पसरतं, तेलकट काचेवर त्याचे मणी होतात. वायपर ते मणी फोडून धुक्यासारखा थर मागे सोडतो. काचेवर मगभर पाणी ओतून पाहा: पाणी ठिकठिकाणी फाटत असेल तर तेल आहे. जुने ट्रकचालक कापलेला बटाटा काचेवर चोळायचे, त्यातही अर्थ होता. स्टार्चच्या थरावर पाणी पसरतं. पण तो तात्पुरता उपाय झाला. गाडीच्या शॅम्पूने काच नीट घासून धुवा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग त्याने निघत नाहीत. ते बहुतेक कॅल्शियमच्या क्षारांचे असतात, त्यांना पातळ केलेलं व्हिनेगर लागतं. ते लावून काच लगेच भरपूर पाण्याने धुवा. रबर मात्र पेट्रोलने किंवा रॉकेलने पुसू नका, ते फुगतं.

धुळीने माखलेल्या काचेवर कोरडा वायपर तर कधीच फिरवू नये. धुळीतले क्वार्ट्झचे कण काचेपेक्षा कठीण असतात आणि त्यांचे ओरखडे रबर बदलून जात नाहीत. आधी फवारा, मग वायपर. फवाऱ्याच्या टाकीत आरओचं पाणी घातलं तर क्षारांचे डाग फारसे पडत नाहीत.

ब्लेड घरी बदलणार असाल तर ते काढण्याआधी काचेवर जाड टॉवेलची घडी ठेवा. ब्लेड निघालेला आर्म हातून सुटला, तर स्प्रिंगच्या जोराने त्याचं लोखंडी टोक थेट काचेवर आपटतं आणि दोन-चारशे रुपयांच्या रबरापायी अख्खी काच बदलायची वेळ येते.