भंगारातल्या पिंपापासून कोरडा संडास

जिथे हातभर खणलं की कातळ लागतो किंवा उन्हाळाभर टँकरची वाट बघावी लागते, तिथे कोरडा संडासच, म्हणजे पाणी न ओतता मैल्यावर राख टाकून तो वाळवणारा संडासच, टिकतो. मात्र त्यात मैला आणि लघवी एकत्र येता कामा नये. ओल आली की वास येतो, माश्या होतात. आपल्याकडे पाण्यानं धुतात, म्हणून भांड्याला तीन वाटा हव्यात: पुढे लघवीची, मध्ये मैल्याची, मागे धुण्याच्या पाण्याची. हे पाणी शोषखड्ड्यात जातं.

पाय ठेवायची फरशी भंगारातल्या एचडीपीई या टणक प्लास्टिकची करता येते. निळी पिंपं, शाम्पूच्या बाटल्या चालतात. कीटकनाशकाची पिंपं मात्र घेऊच नयेत. प्लास्टिक धुऊन, चुरा करून पाण्यात टाकावं. एचडीपीई तरंगतं, पीव्हीसी (पाइपचं प्लास्टिक) आणि पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) बुडतात. ही चाचणी टाळू नये. पीव्हीसी फार तापलं तर हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू सुटतो. पेट २५० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे त्याचे कण फरशीत खड्यांसारखे राहतात आणि तडा तिथूनच जातो. पॉलिप्रॉपिलीनही तरंगतं, पण एचडीपीईत एकजीव होत नाही. त्याची झाकणं आधीच हातानं वेगळी काढावीत.

१ मीटर लांब-रुंद, १२ मिलिमीटर जाड फरशीला सुमारे ११.५ किलो चुरा लागतो. तो पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर आत बुडबुडे राहतात. उघड्यावर बसवायची असेल तर २ टक्के कार्बन ब्लॅक (काजळीसारखी बारीक काळी पूड) मिसळावं. उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं. साच्यात १८० ते २०० अंशांवर दाबावं आणि गार होईपर्यंत दाब सोडू नये. एचडीपीई गार होताना २-३ टक्के आकसतं; घाई केली की फरशी वाळल्या पानासारखी वळते. प्लास्टिक काँक्रीटपेक्षा खूप लवचीक, म्हणून खाली दर ३० सेंटिमीटरवर लोखंडी अँगल द्यावा.

नेहमीची चूक सांध्यात होते. पीव्हीसी पाइपचं सोल्यूशन एचडीपीईला धरत नाही. रबरी वायसर घालून बोल्ट आवळावा किंवा गरम हवेनं वेल्डिंग करावं. लघवीचा पाइप ५० मिलिमीटरचा, उताराचा असावा. अरुंद पाइप क्षार साचून तुंबतो.

खाली जमिनीवरच विटांचे दोन कप्पे बांधावेत, पाच माणसांसाठी प्रत्येकी सुमारे १,००० लिटरचे. दर वापरानंतर मगभर राख टाकावी. एक कप्पा वर्षभर वापरायचा, मग तो वर्षभर बंद ठेवून दुसरा. या थांबण्यात तडजोड नाही. न कुजलेला मैला माणसाच्या हातानं उचलायला लावणारे संडास २०१३ च्या कायद्यानं बंद केले आहेत, आणि त्या टोपलीची वेदना पिढ्यान्‌पिढ्या कोणी भोगली हे आपल्याला ठाऊक आहे.

जंतांची अंडी सर्वांत चिवट, म्हणून वर्षानंतरही हातमोजे घालूनच कप्पा उघडावा. आतला माल मातीसारखा भुसभुशीत हवा. तो फावड्याला चिकटला तर दार लावून घ्यावं आणि लघवीचा सांधा कुठे गळतो ते शोधावं.