पॅच केबलची पार्श्वभूमी: टेलिफोन एक्स्चेंजपासून पेडलबोर्डपर्यंत

ऐन कार्यक्रमात गिटारचा आवाज गेला, तर बहुतेक वेळा पेडल (आवाज बदलणारा, पायाने चालू-बंद करायचा बॉक्स) बिघडलेलं नसतं. दोन पेडलांना जोडणारी वीतभर केबल, म्हणजे पॅच केबल, दगा देते. तरीही खरेदीच्या वेळी चर्चा होते ती तांब्याच्या शुद्धतेची आणि ‘टोन’ची. या केबलचं टोक मुळात कुठल्या कामासाठी घडवलं गेलं हे पाहिलं, की पारखायचं काय आणि सोडून द्यायचं काय हे बरंच स्पष्ट होतं.

गिटारच्या केबलची पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची पिन संगीतासाठी जन्मलेलीच नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात १८७८ साली पहिलं व्यावसायिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. ग्राहक वाढले तशी एका फोनची तार दुसऱ्याला झटपट जोडायची सोय हवी झाली. चारशेहून अधिक पेटंटं नावावर असलेले वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे चार्ल्स स्क्रिब्नर हे ज्यांनी ती घडवली त्यांतलं प्रमुख नाव. स्विचबोर्डपुढे बसलेल्या ऑपरेटर मुली एका हाताने पिन आत सरकवत आणि बोलणं संपलं की उपटून काढत, तेही दिवसभर. म्हणून पिनच्या टोकामागे खाच ठेवली आणि भोकात स्प्रिंगची पट्टी बसवली. पट्टी खाचेत बसली की जोड पक्का, ओढलं की मोकळा. झटपट घालता-काढता येणं हा या रचनेचा पहिला गुण होता. पायाखाली येणं, गाडीच्या डिकीत आदळणं, दोन बॉक्सच्या मधे काटकोनात दाबून बसणं या गोष्टी तिच्या कर्त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हत्या.

पुढे रेडिओ केंद्रं आणि रेकॉर्डिंग स्टुडिओंनी हीच पद्धत उचलली. उपकरणांची टोकं एका फळीवर आणायची आणि आखूड दोऱ्यांनी हवी तशी जोडायची. पॅच केबल तिथली. स्टुडिओतल्या जुन्या टेलिफोन-पद्धतीच्या पिनचं टोक मात्र वाद्याच्या पिनपेक्षा बारीक असतं. गिटारची पिन तशा फळीत खुपसली तर आतली स्प्रिंग फाकते, हे आजही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

गिटार बनवणारे लिओ फेंडर यांच्या १९५० च्या इलेक्ट्रिक गिटारवर हाच पाव इंची जॅक (पिन बसते ते भोक) होता. तेव्हा साखळी सरळ होती: गिटार, एक केबल, अ‍ॅम्प. १९६२ साली बाजारात आलेल्या माएस्ट्रो फझ-टोन या आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलला तर गिटारकडे जाणारी केबल पेटीलाच कायमची जोडलेली होती. १९६६-६७ च्या सुमारास फझ फेस आणि वाह-वाह ही पेडलं आली, आणि ती एकामागे एक लावायची गरज पडली. १९७७ मध्ये बॉस या जपानी कंपनीने आपली पहिली तीन छोटी पेडलं आणली. त्यांचे जॅक दोन्ही कुशींना होते. पेडलं जवळजवळ लावायची तर सरळ पिन आडवी येणार, म्हणून काटकोनी आणि पुढे चपट्या पिना रूढ झाल्या. पॅच केबलचं आजचं रूप या अडचणीतून आलं आहे.

त्याच दशकात इंग्लंडमध्ये पीट कॉर्निश मोठ्या वादकांसाठी पेडलबोर्ड (पेडलं बसवलेली फळी) बांधू लागले. जोडणी शक्यतो आत पक्की करायची आणि सिग्नलला बफर (लांब केबलीनेही सिग्नल मंदावू नये यासाठीचं छोटं सर्किट) द्यायचा, ही त्यांची रीत. यात दोन वेगळ्या दुखण्यांवर दोन वेगळे उपाय आहेत, आणि आपल्याकडे नेमकी याचीच गल्लत होते.

पहिलं दुखणं कपॅसिटन्सचं, म्हणजे केबल स्वतःच थोडा विद्युतभार साठवते त्याचं. साध्या गिटार केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. पिकअपचं (तारांची कंपनं टिपणाऱ्या गिटारवरच्या कॉइलचं) इंडक्टन्स २.५ हेन्री धरलं तर ५ मीटर केबलबरोबर त्याचा अनुनाद (ज्या वारंवारतेला आवाज सर्वांत उठून येतो ती) सुमारे ४,५०० हर्ट्झला येतो आणि १० मीटरबरोबर ३,२०० हर्ट्झपर्यंत उतरतो. आवाजाची धार जाते ती इथे. गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सच्या काळातल्या वेटोळ्या केबलींचा मऊ आवाज याच कारणाने. पण वीस सेंटिमीटरच्या नऊ पॅच केबली मिळून दोन मीटरही होत नाहीत, आणि त्यांच्या आधी बफर असेल तर त्या लांबीने ऐकू येण्याजोगा फरक पडत नाही. म्हणून पॅच केबलच्या बाबतीत ‘कमी कपॅसिटन्स’साठी दुप्पट पैसे मोजणं मला पटत नाही.

दुसरं दुखणं जोडांचं, आणि लक्ष द्यायचं ते इथे. एकामागे एक लावलेल्या दहा पेडलांना नऊ पॅच केबली, म्हणजे अठरा पिना. प्रत्येक पिनमध्ये दोन जोड, एक आतल्या तारेचा आणि एक जाळीचा, म्हणजे तिच्याभोवतीच्या धातूच्या वेष्टनाचा. एकूण छत्तीस. त्यांतला आतल्या तारेचा एक जोड सुटला तरी संपूर्ण आवाज बंद. जाळीचा सुटला तर गुणगुण आणि खरखर.

स्वस्तात मिळणाऱ्या रंगीत सहाच्या संचात पिनवर प्लास्टिक ओतलेलं असतं. आतला जोड दिसत नाही, उघडता येत नाही, दुरुस्त होत नाही. सोल्डर न करता जोडायच्या केबली, जिथे स्क्रू किंवा सुई तारेत घुसते, बोर्ड मांडताना फार सोयीच्या. हव्या त्या लांबीची कापा आणि लावा. पण तार सरळ कापलेली नसेल किंवा स्क्रू सैलावला तर त्या हमखास कुरकुरतात. घरात स्थिर असलेल्या बोर्डला त्या चालतील. दर आठवड्याला गाडीत चढणाऱ्या बोर्डला सोल्डर केलेलीच केबल असावी, असं माझं ठाम मत आहे.

सोल्डरइतकीच महत्त्वाची पिनच्या आतली पकड. केबलचं बाहेरचं आवरण पिनने घट्ट धरलेलं हवं, म्हणजे ओढ आवरणावर येते, जोडावर नाही. स्विचक्राफ्ट आणि न्यूट्रिक या कंपन्यांच्या पिनांवर लोकांचा भरवसा आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हीच मोनो पिन ‘पी-३८’ म्हणून मागतात; त्यात हलक्या पत्र्याचीही मिळते, म्हणून झाकण उघडून आत बघूनच घ्यावी. कोकण-गोव्याच्या दमट हवेत पातळ मुलामा लवकर जातो आणि खालच्या पितळेवर हिरवट थर धरतो. मग जोड शाबूत असूनही आवाज येतो-जातो.

केबल घेताना जाळीही पाहावी. विणलेली किंवा गच्च गुंडाळलेली हवी, आणि तिच्या आत काळ्या वाहक प्लास्टिकचा थर असेल तर केबल हलल्यावर येणारी थपथप कमी होते. सोल्डर करताना हा काळा थर आतल्या तारेपासून नीट मागे सोलावा लागतो. तो टोकाला चिकटून राहिला तर सिग्नल गळतो आणि दोष शोधता शोधता संध्याकाळ जाते.

दोन पेडलांना थेट जोडणारा धातूचा ताठ कपलर टाळावा. तो स्वतः टिकतो, पण पायाचा प्रत्येक दाब पेडलांच्या जॅकवर ढकलतो. केबल दोन पिनांमध्ये हलकी वळेल इतकी लांब घ्यावी, ताणलेली नको. बोर्डखाली बांधून टाकण्याआधी प्रत्येक केबल मल्टिमीटरला लावून, पिनेजवळ हलवत, टोकाची आणि जाळीची वहनता वेगवेगळी तपासावी. हलवताना आकडा उडाला तर ती केबल बोर्डवर जाऊ देऊ नये.